मानेची डावी बाजू

बाबांशी मी एकच मोठं खोटं बोलले होते. ते निवृत्त होऊन चंदीगड सोडून कायमचे कोल्हापूरला निघाले, तेव्हा ते खोटं तसंच ठेवून त्यांना जाऊ द्यायचं नाही, असं मी ठरवलं. म्हणून ट्रक यायच्या दोन दिवस आधी सुट्टी काढून घरी आले. आईला सांगितलं, सामान बांधायला आलेय. "तू? बांधायला?" असं म्हणून तिनं माझ्या हातात सेलोटेप दिला.

बाबा सेक्टर ३९ मधल्या सरकारी संशोधन संस्थेत होते आणि आम्ही आवारातल्याच क्वार्टरमध्ये राहायचो. मी अकराव्या वर्षी कार्टिंगच्या, म्हणजे छोट्या बुटक्या गाड्यांच्या शर्यतींच्या, नादाला लागले आणि सतराव्या वर्षी फॉर्म्युला गाडीत बसले. एकच सीट, उघडी चाकं आणि चालवणाऱ्याचं डोकं बाहेर. आमच्या ओळखीच्या मराठी घरांतल्या मुली डॉक्टर होत होत्या, नाहीतर पीएचडी करत होत्या. गणपतीत सगळे जमले आणि कुणी माझी चौकशी केली की आई म्हणायची, "ती गाडी चालवते," आणि लगेच उकडीच्या मोदकांकडे वळायची.

या गाडीत आधी दम सुटतो तो मानेचा. वळणावर डोकं बाहेरच्या बाजूला फेकलं जातं, आणि डोक्यावर हेल्मेटचं ओझं असतंच. प्रशिक्षकांनी बजावलं की मान कमव. तेव्हा आमच्या भागातल्या जिममध्ये डंबेल्स होती, आरसे होते, मानेसाठी काही नव्हतं. पण बाबांचे चुलते पैलवान. तालमीत मान कमावतात हे बाबांनी लहानपणी पाहिलेलं. एका रविवारी ते मनीमाजऱ्याच्या बाजारात गेले आणि सायकलची जुनी ट्यूब घेऊन आले. ती माझ्या जुन्या हेल्मेटला पक्की बांधली आणि दुसऱ्या टोकाला स्प्रिंगचा वजनकाटा अडकवला. किती किलोंनी ओढतोय हे दिसल्याशिवाय आमचा शास्त्रज्ञ ओढणार नव्हता.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सात वाजता मी हॉलमधल्या खुर्चीत हेल्मेट घालून बसायची. बाबा शेजारी वेताच्या खुर्चीत. एका हातात ट्यूब, दुसऱ्या हातात कुणाचा तरी शोधनिबंध. ते ओढायचे आणि मी मान सरळ ठेवायची. स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या, समोर टीव्ही. "अजून दोन मिनिटं धर की," बाबा म्हणायचे. मी दात आवळून म्हणायची, "बस करो ना यार, बाबा." घरात सगळे मराठीत बोलायचे आणि मी तेव्हा हिंदीत उत्तरं द्यायची, शाळेची सवय. शेजारच्या आंटी एकदा वाटीभर साखर मागायला आल्या, आमचा तो प्रकार पाहून दारातच थबकल्या आणि साखर न घेताच गेल्या.

आम्ही दोघं एरवी फारसं बोलायचो नाही. मी तापट. ते घुमे. पण ट्यूब हातात आली की त्यांना कंठ फुटायचा. पंचगंगेत पोहायला शिकले ते, चुलत्यांनी कुस्ती हरल्यावर दोन दिवस जेवण सोडलं ते, आईला पहिल्यांदा बघायला गेले तेव्हा चप्पल तुटली ते. मला हलता यायचं नाही, म्हणून मी सगळं ऐकायची. माझ्या शर्यतींचे चषक आज कुठे आहेत ते मला धड सांगता येणार नाही. पण त्या संध्याकाळी एकूणएक आठवतात. तेवढं सुख मला कुठल्याच ट्रॅकवर मिळालं नाही.

चार वर्षं असं चाललं. आणि चारही वर्षं बाबा माझ्या डाव्या बाजूलाच बसले, कारण माझ्या उजवीकडे भिंत होती. खुर्ची उलटी फिरवली असती तर काम झालं असतं, पण मग टीव्ही पाठीमागे गेला असता. घरात एक पीएचडी, एक एमएस्सी आणि एक व्यावसायिक रेसर. तिघांपैकी एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

इथं त्यामुळे काही अडलंही नाही. मी ज्या ट्रॅकांवर धावायची ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं फिरणारे होते. म्हणजे उजवी वळणं जास्त, आणि उजव्या वळणावर डोकं डावीकडे ओढलं जातं, थेट बाबांच्या बाजूला. ती ओढ मानेची उजवी बाजू पेलते, आणि माझी तीच बाजू रोज कमावलेली होती. मी जिंकत होते. एकविसाव्या वर्षी परदेशातल्या एका टीमनं मला दोन दिवसांच्या टेस्टला बोलावलं. दोघांना बोलावलं होतं आणि सीट, म्हणजे टीममधली जागा, एकच होती. ती मिळाली असती तर मी वरच्या वर्गात गेले असते.

तो ट्रॅक उलटा फिरणारा होता. सगळी मोठी वळणं डावी. पहिल्या दिवशी सकाळी मी त्या दुसऱ्या मुलापेक्षा वेगात होते. दुपारी लांब पल्ला सुरू झाला आणि बाराव्या लॅपला डोकं उजवीकडे कलंडलं ते मला सरळ करताच येईना. हेल्मेट कॉकपिटच्या कडेला टेकवून मी वळणं घेत होते, समोरचं अर्धंच दिसत होतं. रेडिओवर इंजिनिअरनं विचारलं, मान ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक आहे. त्याच क्षणी मला आमचा हॉल दिसला, ती भिंत दिसली आणि सगळं लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी तर मान वळेचना. सीट त्या मुलाला मिळाली, आणि त्याच्याबद्दल मला अजून चार चांगले शब्द सुचत नाहीत.

विमानात मी ठरवलं की बाबांना हे कळता कामा नये. घरी येऊन सांगितलं, गाडीत बिघाड होता. बाबांनी मान हलवली. रात्री जेवणानंतर त्यांनी माझ्या मानेला तेल लावून दिलं. आठवड्याभरात मी शेजारच्या पंचकुल्याच्या एका नव्या जिममध्ये नाव घातलं, तिथं मानेचं यंत्र होतं. प्रशिक्षकांनी सांगितलंय, असं घरी ठोकून दिलं. सात वाजता बाबा वेताच्या खुर्चीत शोधनिबंध घेऊन बसायचे तसेच बसत राहिले. त्यानंतर मी सहा वर्षं धावले, लहान मालिकांमधून. बरी होते. मग थांबले आणि दक्षिणेतल्या एका ट्रॅकवर मुलांना शिकवायला लागले. वरच्या वर्गाचं बोलावणं पुन्हा आलं नाही.

ट्रक यायच्या आदल्या दुपारी बाबा पुस्तकांचे गठ्ठे बांधत होते आणि मी सुतळी धरून बसले होते.

"बाबा, त्या टेस्टला गाडी चांगली होती," मी म्हटलं. "माझी मान गेली होती."

त्यांनी हातातली गाठ पुरी मारली. "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तू आलीस त्याच रात्री. तेल कुणी लावलं तुला? डावी बाजू सुजून टम्म झाली होती, उजवीला काही नाही. मला कळणार नाही व्हय?"

"मग बोलला का नाही तुम्ही?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." त्यांनी दुसरा गठ्ठा पुढं ओढला, पण बांधला नाही. "तू मेकॅनिकशी भांडतीस, पंचांशी भांडतीस, शेजारच्या आंटीशी पार्किंगवरून भांडतीस. आणि माझ्यामुळं तुझं एवढं गेलं, तर एक शब्द नाही. शांतपणे दुसरीकडं नाव घातलंस. परक्या माणसाशी वागतात तशी वागलीस माझ्याशी. ते फार लागलं बघ."

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी बाबांना जपलं. खरं म्हणजे मी त्यांना माफी मागायचीसुद्धा सोय ठेवली नव्हती.

मग मी भांडले. चार वर्षं एकाच बाजूनं ओढणारा कसला शास्त्रज्ञ, टीव्ही मागे गेला असता तर काय आभाळ कोसळणार होतं, माझी सीट गेली, आयुष्यात तेवढी एकच आली होती, ती तुमच्यामुळे गेली. आवाज चढला, रडू आलं तरी थांबले नाही. आई धावत आली आणि दारातच उभी राहिली. बाबा गठ्ठ्यावर हात ठेवून बसले होते. "चुकलं माझं," ते म्हणाले, आणि मी थांबतेय असं वाटताच त्यांनी नजरेनंच मला खुणावलं, अजून काय राहिलं असेल तर बोल.