दाजींचा फेटा आणि आमचा कॉम्प्युटर

तेलगावात आमच्या घरी एक कॉम्प्युटर आहे आणि त्याचा मालक नेकनूरला राहतो.

मालक म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी. कॉम्प्युटर घरी आला तेव्हा जोडून देणाऱ्यानं विचारलं, "ॲडमिन म्हणून कुणाचं नाव टाकू?" ॲडमिन म्हणजे काय, हे विचारायची मला लाज वाटली. मोठेपणाचं काहीतरी असावं एवढं कळलं, आणि आमच्यात मोठेपणाचं जे काही असेल ते आधी जावयाला देतात. "दाजींचं टाका," मी म्हणालो. दाजींनी यंत्राला विभूती लावली, नारळ फोडला आणि आम्हा सगळ्यांना भिंतीकडं तोंड करायला लावून पासवर्ड टाकला. (आम्ही केलं. आईनंसुद्धा केलं.)

पुढं माझ्या पाइपच्या दुकानाचं उद्घाटन निघालं. फेटे मोजून आणलेले, आणि न बोलावता एक पुढारी आले. मी दाजींच्या ताटातला फेटा उचलून पुढाऱ्यांच्या डोक्याला बांधला. दाजींना टॉवेल-टोपी दिली, तीही कानांवर बसेना. दाजी न जेवता गेले. पुढारी नंतर कधी दुकानाकडं फिरकले नाहीत. मी दोन वर्षं दाजींना फोन केला नाही, कारण चूक माझी होती.

मग गौरीची, म्हणजे माझ्या लेकीची, नोकरीची मुलाखत ठरली. सोमवारी अकराला, घरूनच, कॉम्प्युटरवर. कंपनीनं सांगितलेलं सॉफ्टवेअर मोबाइलवर चालत नव्हतं. शनिवारी ती ते कॉम्प्युटरवर टाकायला गेली, तर पडद्यावर चौकट आली: ॲडमिनचा पासवर्ड टाका. वर दाजींचं नाव.

"पप्पा, आत्याला फोन लावू का?"

"कावून? घर माझं, कॉम्प्युटर माझा. मी न्हाई कुनापुढं वाकत."

मी मेकॅनिक बोलावला. तो म्हणाला, "सगळं पुसून नव्यानं टाकावं लागंल. बुधवारी देतो. त्यापरीस दाजीला फोन लावा की, दोन मिन्टाचं काम हाय."

त्याला मी चहासुद्धा दिला नाही.

रविवारी मी स्वतः बसलो. बहिणीचं नाव टाकून पाहिलं, भाच्याचं टाकलं, दाजींच्या ट्रॅक्टरचा नंबर टाकला. शेवटी कॉम्प्युटरनंच सांगितलं, आता थोडं थांबा. गौरी दुपारपर्यंत माझ्या मागं उभी होती. नंतर ती कधी उठून गेली, मला कळलंही नाही.

सोमवारी मात्र माझा पीळ सुटला. पहिल्या गाडीनं नवा कोरा फेटा घेऊन नेकनूर गाठलं. दाजी ओट्यावरच होते.

"हितं नगं," ते म्हणाले. "तवा चारचौघांत झालं, आता बी चारचौघांत होऊ द्या."

म्हणून स्टँडवरच्या हॉटेलापुढं खुर्ची मांडली. चारचौघांतला एक जण शेतात गेलता, त्याची वाट पाहिली. मी फेटा बांधला. तो तिरका झाला म्हणून सोडून पुन्हा बांधला. घड्याळात साडेदहा वाजून गेले होते.

"दाजी, आता पासवर्ड सांगा, लेकीला फोनवर कळवतो."

"पासवर्ड सांगत नसत्यात. मी सोता येतो."

एसटीनं घरी पोचायला दीड वाजला. गौरी घरात नव्हती. बायको भांडी घासत होती.

"ती सकाळीच अंबाजोगाईला मैत्रिणीकडं गेली. तिच्या कॉम्प्युटरवर झाली बी मुलाखत."

"आन् मला विचारलं न्हाई?"

"विचारलं व्हतं की. शनिवारी."

दाजी फेट्यासकट खुर्चीत बसले, आम्ही भिंतीकडं तोंड केलं, पासवर्ड पडला आणि मी ॲडमिन झालो. टाळ्या एकट्या दाजींनी वाजवल्या.

गौरीला नोकरी लागली. पुण्यात राहायचं कुठं, निघायचं कधी, हे सगळं ठरवून झाल्यावर तिनं आम्हाला सांगितलं. फार लागलं ते मला.

आता दुपारी मी कॉम्प्युटर लावून बसतो. मधूनच पडद्यावर चौकट येते: हा बदल करू द्यायचा का? मी चष्मा पुसतो, दोनदा वाचतो आणि 'हो' दाबतो. घरात मला विचारून काही करणारं आता तेवढंच एक उरलंय.