डिझेल बसेपर्यंत

त्याला सगळे 'बाटली' म्हणायचे. नवख्या माणसाला वाटायचं, गडी पिणाऱ्यातला दिसतोय. अहो, कसला पितोय! थेंबाला कधी शिवला नाही. टँकरच्या केबिनमध्ये, सीटच्या मागे, खोकल्याच्या औषधाची एक रिकामी काचेची बाटली तो फडक्यात गुंडाळून ठेवायचा, म्हणून हे नाव पडलं. कुठे भूकंप झाला, वादळ झालं, पूर आला, की माणसं जीव घेऊन बाहेर पळतात आणि हा टँकर घेऊन आत शिरतो. विजेचे खांब आडवे झालेले असतात. दवाखान्याचा जनरेटर म्हणा, पिण्याच्या पाण्याचा पंप म्हणा, सगळ्यांचा जीव डिझेलवर टांगलेला असतो. ते डिझेल पोचवायचं, हे त्याचं काम.

पण पोचलं की लगेच ओतायचं नाही, हा त्याचा हट्ट. पुरात डेपोच्या जमिनीखालच्या टाक्यांत पाणी शिरतं, आणि वाटेत गाडी हिंदकळली की ते डिझेलात मिसळून जातं. म्हणून आधी गाडी उभी करायची, तोटीतून बाटलीभर डिझेल काढायचं आणि उजेडात धरून बघायचं. गढूळ दिसलं तर थांबायचं. पाणी जड, ते हळूहळू तळाशी बसतं. मग खालचं पाणी सोडून द्यायचं आणि वरचं स्वच्छ डिझेल द्यायचं. एकदा एका गावात लोकांच्या आरडाओरड्याला भिऊन त्याने तसंच ओतलं होतं. जनरेटरने दोन आचके दिले आणि बंद पडला तो पडलाच. पूल वाहून गेलेला, दुरुस्तीला येणार कोण? त्या दिवशी त्याने कानाला खडा लावला.

दुसरा नियम डेपोचा, पण तो याच्या हाडीमासी खिळलेला. पाठीवरच्या मालातला थेंब गाडीच्या स्वतःच्या, इंजिनच्या टाकीत जाता कामा नये, आणि त्या टाकीतला थेंब बाहेर निघता कामा नये. टँकरवाले म्हणजे डिझेलचोर, असं जग बोलतंच. याने उभ्या जन्मात तो डाग लागू दिला नाही. एखादा ट्रॅक्टरवाला वाटेत 'जरा नळी लावू द्या की' म्हणाला, तर हा अशी खरडपट्टी काढायचा की तो पुन्हा समोर उभा राहायचा नाही.

आणि यंदा पूर शिरला तो त्याच्या थोरल्या भावाच्याच गावात.

भाऊ-वहिनी छपरावर भिजत बसून होते. होडीतून त्यांना काढलं तेव्हा वहिनीला धाप लागली होती. आई गेल्यावर याला न्हाऊमाखू घालून मोठं केलं ते तिनेच. ती बाटलीसुद्धा तिनेच गरम पाण्याने धुऊन दिली होती. "घ्या भावजी," म्हणाली होती, "आता लोक तुम्हाला बाटलीसकट बघतील आणि नावं मला ठेवतील!" तीच वहिनी आता दवाखान्यात ऑक्सिजनच्या यंत्रावर होती, आणि ते यंत्र जनरेटरवर.

"लवकर ये रे," दादा फोनवर म्हणाला. "जनरेटर तळाला लागलाय म्हणतात. सिलिंडर तर कालच संपले."

"निघालोच, दादा."

डेपोतून माल भरला. बाहेरच्या कोरड्या रस्त्यावरच्या पंपावर गाडीची स्वतःची टाकी गच्च भरून घेतली, आणि सुटला. रस्ता कसला, नुसता राडा. टँकर दवाखान्याच्या अंगणात शिरला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. जनरेटर अजून धडधडत होता. याने आधी बाटली काढली, तोटी उघडली आणि उजेडात धरली.

ताकासारखं पांढुरकं! टँकरवर चढून वरच्या झाकणातून डबा बुडवला. तेही तसंच.

"थांबावं लागेल," तो म्हणाला.

"थांबायचं? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" एकजण अंगावर आला. "आत माणसं मरतायत आणि हा बाटली बघत बसलाय!"

तेवढ्यात दादा बाहेर आला. दाढी वाढलेली, अंगावर कुणाचा तरी सदरा. सगळं ऐकून तो त्या माणसाला म्हणाला, "गप्प बसा. माझी बायको आहे आत, आणि हा माझा भाऊ आहे. त्याला कळतं." आणि परत आत गेला.

हा बाटलीवरची नजर काढेना. अंगणातल्या सगळ्यांच्याच नजरा त्या बाटलीवर खिळल्या होत्या. बस रे बाबा, बस लवकर. मग जनरेटर अडखळला, खोकला आणि थांबला. आतून नर्सबाईची हाक ऐकू आली, मग पळापळ, मग दादाचा आवाज. दादा वहिनीला नावाने हाक मारत होता. याने जन्मात कधी त्याच्या तोंडून ते नाव ऐकलं नव्हतं.

बाटलीच्या तळाशी एकदाचं पाणी साचलं. याने टँकरच्या तळाची तोटी सोडली, पाणी वाहून जाऊ दिलं, पुन्हा बाटली भरली. निर्मळ! नळी लावली, जनरेटर सुरू झाला, खिडक्यांत दिवे लागले. आतली बाकीची माणसं तगली. वहिनी तेवढी गेली होती.

संध्याकाळी दोघे भाऊ पायरीवर बसले होते. पलीकडच्या गावाचा पाण्याचा पंप बंद होता, याला निघायला हवं होतं. "तू नीट केलंस," दादा म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, घाण डिझेल गेलं असतं तर सगळेच गेले असते." मग मायेनेच म्हणाला, "एवढं लांब जायचंय. तुझ्या गाडीत आहे ना पुरेसं डिझेल?"

हा उत्तर द्यायला गेला आणि त्याची नजर गाडीच्या टाकीवर गेली. गाडीत! कोरड्या पंपावरचं, स्वच्छ, गच्च भरलेलं. दिवसभर त्याच्याच सीटखाली होतं. एक नळी, एक डबा, आणि पाठीवरचं सावकाश बसेपर्यंत जनरेटर चालला असता. ते डिझेल द्यायचं असतं, हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आयुष्यभर त्याला हात लावला नव्हता ना!

"आहे, दादा," तो म्हणाला.

आता कुठेही गेला की तो पहिली नळी गाडीच्याच टाकीत घालतो, डबाभर डिझेल जनरेटरला देतो, आणि मग बाटली काढतो. डेपोवाल्यांनी विचारलं, तर म्हणाला, "काढून टाका मला." त्यांनी काही काढलं नाही.

दादाकडे जातो अधूनमधून. कोणी आलंगेलं असलं की दादा अभिमानाने सांगतो, "सख्खी वहिनी आत होती, पण हा डगमगला नाही. दवाखाना वाचवला याने." हा खाली मान घालून घास चिवडत बसतो. दादाला सांगायला हवं, हे त्याला कळतं. दर वेळी सांगायचं ठरवूनच तो येतो, आणि जेवून निघून जातो.