सेट झालेली थोरली

देवांची पेटी मी माझ्या हातानं पारूच्या पदरात घातली. पारू माझी धाकटी जाऊ. मळवलीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. आमच्यात घर सोडणाऱ्यानं देव न्यायचे नसतात, ते चुलीपाशी राहतात. बाहेर टेम्पोत माझी भांडी चढली होती. पारूनं पेटी कपाळाला लावली आणि डोळ्यांत पाणी आणलं. ते खरं होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पोराला तळेगावात कंपनीत काम होतं, त्यानं सोसायटीत फ्लॅट घेतला. पहिल्याच दिवशी म्हणाला, "आई, आता आपण सेट झालो." मी चौथी शिकलेली, पण हा शब्द लवकर कळला, कारण तो जिथंतिथं होता. फरशी सेट होईस्तोवर पाय ठेवायचा नाही. सोफ्याचा सेट, डब्यांचा सेट. सून केस सेट करून आली की उशीला डोकं टेकत नाही. नात सेटची परीक्षा देते, पास झाली की कॉलेजात शिकवणार. दहीसुद्धा इथं सेट होतं. वाडीत दही लागायचं, सारवण सुकायचं, पोरगा मार्गी लागायचा. इथं सगळ्याला एकच शब्द पुरतो.

भाताची आवणी उरकली, रोपं खाचरात लागली की आमच्या घरी देवाला नैवेद्य असतो. यंदा त्यासाठी वाडीला गेले. देव लखलखीत उजळलेले होते. माझ्या वेळी इतके उजळ नव्हते. बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही.

पारूनं मला खुर्ची दिली आणि कपाटातला पाहुण्यांचा कपबशीचा सेट काढला. बाकी सगळे पेल्यातून चहा पीत होते.

"पारू, मलाबी पेला दे की."

"ऱ्हाऊ द्या, आक्का. फ्लॅटवाल्या तुमी. उद्या तितं सांगाल, पारूनं पेल्यात भागवलं."

दीर खदाखदा हसला. मी उठले आणि नैवेद्याचं ताट उचललं. पारू आडवी आली.

"आक्का, चूल येगळी झाली की नैवेद्याला हात लावायचा न्हाई. तुमीच शिकवलंय मला. व्हय ना?"

व्हय. ती नवी नवरी असताना, एका चुलत जावेच्या हातातून ताट काढून घेत मीच शिकवलं होतं. मी ताट दिलं. तिनं ताटाभोवती पाणी फिरवलं, धार कुठं मोडली नाही. चुकली असती तर मी सुखानं परतले असते.

वाडीतल्यांनो, पारू चांगली आहे आणि मी तिच्यावर जळते. माझ्यासारख्या घर सोडून आलेल्या बायांनो, तुम्हीही कुणावर तरी जळत असाल. जिथं आपल्याला कुणी "तुम्ही बसा" म्हणत नाही, ते घर. तळेगावात सून तसं म्हणते, वाडीत पारू म्हणते.

मी कोंडाबाई, त्या घरची थोरली सून. सासूच्या मागं तेहेतीस वर्षं तो नैवेद्य मी केला.