रूथकाकूंच्या ट्रेलरला रंग

चहा आधी संपवा. हा किस्सा ऐकल्यावर माझ्या घरचा चहा तुमच्या घशाखाली उतरेल की नाही, सांगता येत नाही.

मी एका गेलेल्या माणसाचं अक्षर भिंतीवरून पुसलं. चुकून धक्का लागून नाही, चांगलं घासून, मन लावून पुसलं. आणि त्याच्या बायकोने तीनदा 'नको' म्हटल्यावर पुसलं. आता तुम्ही म्हणाल, हा काय राक्षस आहे का? नाही हो. मी चांगल्या वळणाच्या घरातला आहे. सगळा घोळ त्यामुळेच झाला.

आम्ही बॉथेलला राहतो, सिएटलच्या जरा वर. शेजारी रूथकाकू. वय ऐंशीच्या घरात, एकट्याच. त्यांचे यजमान हॅरल्ड जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या घरापुढच्या ड्राइव्हवेमध्ये एक जुना ट्रॅव्हल ट्रेलर उभा असतो, म्हणजे गाडीच्या मागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. वयाने माझ्याएवढा, तब्येतीने माझ्यापेक्षा बरा.

गेल्या जूनमध्ये मंजिरीने, म्हणजे माझ्या बायकोने, कुंपणापाशी सहज विचारलं, असले ट्रेलर भाड्याने कुठे मिळतात? रूथकाकू म्हणाल्या, "भाड्याने कशाला? हाच घेऊन जा." काकू अर्थातच इंग्रजीत बोलतात, पण मी मराठीत सांगतो. माझ्या डोक्यात त्या मराठीतच बोलत होत्या, आणि तिथेच माझं चुकत गेलं.

चार दिवस समुद्रकाठी मजेत राहून आलो. आल्यावर प्रश्न पडला, की हा परत करताना सोबत काय द्यायचं?

आता तुम्हीच सांगा, शेजारणीचा डबा आपण कधी रिकामा परत करतो का? चार लाडू घालतो, करंज्या घालतो, अगदी काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतो. इथे तर मी आख्खं घर उसनं आणलं होतं. त्यात साखर किती घालणार?

मंजिरी म्हणाली, "स्वच्छ करून दे, एक थँक यू कार्ड ठेव. बास झालं."

कार्ड! मला ते भारी कोरडं वाटलं. म्हणून साताऱ्याला आईला व्हिडिओ कॉल लावला आणि ट्रेलर आतून फिरवून दाखवला.

"भिंती कळकट दिसतात रे," आई म्हणाली. "रंग लावून दे की त्यांना. बिचारी एकटी बाई, कोण करणार तिचं?"

खरं सांगायचं तर भिंती कळकट नव्हत्या, नुसत्या जुन्या होत्या. पातळ प्लायवुडवर व्हायनिलचा, म्हणजे प्लॅस्टिकचा, पापुद्रा चिकटवलेला, त्यावर फिकट तपकिरी पानंफुलं. पण आईच्या तोंडून 'बिचारी एकटी बाई' निघालं की माझ्यातला श्रावणबाळ जागा होतो. दुसऱ्या दिवशी मी काकूंच्या दारात हजर.

"रंग?" त्या म्हणाल्या. "नको रे. मला तो आहे तसाच आवडतो."

हे वाक्य नीट ऐका. पंगतीत जिलेबीचं ताट समोर आल्यावर तुम्ही काय म्हणता? नको म्हणता. वाढणारा थांबतो का? थांबला तर तुम्ही घरी जाऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करता. माझे एक काका तर पानावर दोन्ही हात आडवे धरायचे आणि बोटांत बरोबर जिलेबी मावेल एवढी फट ठेवायचे. पहिला नको हा आपल्याकडे मोजतच नाहीत.

मी म्हटलं, "काकू, सामान मी आणतो, मेहनत माझी. तुम्ही फक्त बघायला या."

"खरंच नको. तुझा वीकएंड वाया जाईल."

बघितलंत? माझ्या वीकएंडची काळजी. म्हणजे बाईंच्या मनात आहे, फक्त मला त्रास नको. मी घरी येऊन तसं मंजिरीला सांगितलं.

"अरे, त्या नाही म्हणतायत," ती म्हणाली.

"त्या भिडस्त आहेत गं."

"त्या अमेरिकन आहेत."

"अमेरिकन माणूस भिडस्त नसतो का?"

यावर ती काही बोलली नाही. मी जिंकलो असं मला वाटलं. सोळा वर्षांच्या संसारात ती गप्प बसली आणि माझं बरोबर निघालं असं एकदाही झालेलं नाही, हे त्या क्षणी आठवायला हवं होतं.

मी आग्रह सोडला नाही. शेवटी काकू म्हणाल्या, "बरं, तुला एवढं वाटतंच असेल तर कर. फक्त पलंगाच्या उशाकडची भिंत राहू दे. ती तशीच ठीक आहे."

मी आत जाऊन ती भिंत पाहिली. निळ्या बॉलपेनने ओळीखाली ओळ, बारीक गिचमिड केलेली. जुन्या लोकांचं ते एकमेकांत अडकलेलं वळणदार इंग्रजी मला वाचता येत नाही, आणि मी वाचून बघितलंही नाही. मी काय समजलो माहितीये? नातवंडांनी भिंत रंगवलीये आणि काकूंना ते मला दाखवायची लाज वाटतेय. म्हणून मी ठरवलं, सगळ्यात आधी हीच भिंत करायची. बाईंना बरं वाटेल!

हार्डवेअरच्या दुकानात एका म्हाताऱ्याने मला दम दिला. "व्हायनिल रंग धरत नाही. आधी तेलकटपणा काढायचा, मग पॉलिश पेपर मारायचा, मग चिकटून बसणारा प्रायमर. यातलं एक जरी चुकवलंस, तर महिन्याभरात रंग केळीच्या सालासारखा सोलून निघेल."

मी इतका घाबरलो की एकही पायरी चुकवली नाही. घासलं, पुसलं, वाळवलं, पॉलिश पेपर मारला, पुन्हा पुसलं. अक्षर फिकं झालं. त्यावर प्रायमर मारला. तासाभराने बघतो तर निळी शाई प्रायमरमधून वर आलेली.

दुसरा हात मारला. पुन्हा वर.

आता शहाण्या माणसाने इथे थांबावं की नाही? एखादी गोष्ट एवढी जीव तोडून वर येतेय, तर तिला काय म्हणायचंय ते बघावं की नाही? मी काय केलं, तडक गाडी काढून दुकानात गेलो आणि डाग कायमचे दाबून टाकणारा खास प्रायमर घेऊन आलो. तिसऱ्या हाताला सगळं शांत झालं. वर पांढऱ्या रंगाचे दोन हात. भिंत कशी नव्या कपबशीसारखी दिसायला लागली.

रविवारी संध्याकाळी काकूंना बोलावून आणलं. त्या आत आल्या, चारी भिंतींकडे बघून "छान उजळलंय" म्हणाल्या. मग पलंगापाशी जाऊन बसल्या. उशाकडच्या भिंतीवर त्यांनी तळहात टेकवला. मला वाटलं, रंग वाळलाय का ते बघतायत. मी आपला उत्साहाने म्हणालो, "वाळलाय, काकू. बिनधास्त हात लावा."

"इथे हॅरल्ड लिहायचा," त्या म्हणाल्या. "प्रत्येक ट्रिपला, परत निघायच्या दिवशी सकाळी. पडल्यापडल्या एक ओळ."

मला पायाखालची जमीन हलल्यासारखं झालं. पण ट्रेलर चाकांवर असल्यामुळे मी आधी खिडकीतून तो घरंगळतोय का ते बघितलं, इतका मी मठ्ठ. मग अर्थ लागला.

"काय लिहायचे?" मी विचारलं.

"काहीही. 'मासे नाहीत, सूप झकास.' 'रस्ता चुकला, रूथचं बरोबर होतं.' 'तीन दिवस पाऊस, पत्त्यांत हरलो.'" त्यांनी भिंतीवरचा हात काढून घेतला. "बाकीच्या मी पाठ केल्या नाहीत. भिंतीवर होत्या ना."

मी सॉरी म्हटलं. किती वेळा म्हटलं ते आठवत नाही. त्या रागावल्या असत्या तर मला सोसलं असतं. पण त्यांनी माझा खांदा थोपटला आणि म्हणाल्या, "तू मनापासून केलंस, ते दिसतंय." त्याने जास्तच लागलं. मनापासूनच केलं होतं हो, तेच तर दुःख आहे. मनापासून करण्याच्या नादात मी समोरच्या माणसाचं एक साधं वाक्य ऐकलं नाही.

घरी येऊन मंजिरीला सगळं सांगितलं. 'मी म्हटलं होतं' असं ती म्हणाली नाही. तिने फक्त विचारलं, "रंग परत काढता येईल?"

आणि मला दुकानातला म्हातारा आठवला. व्हायनिल रंग धरत नाही. सोलून निघतो. आयुष्यात पहिल्यांदा मी देवाकडे मागितलं, की माझं काम कच्चं निघू दे.

दुसऱ्या दिवशी काकूंना विचारून आम्ही दोघं ट्रेलरमध्ये शिरलो. कोपऱ्यात चिकटपट्टी दाबून लावली आणि खसकन ओढली. नुसती पट्टी हातात आली. मंजिरीने नखाने खरवडलं, नख तुटलं. मी प्लॅस्टिकचा स्क्रेपर घेतला, गरम पाणी घेतलं, स्पिरिट घेतलं. रंग ढिम्म हलेना. तासभर खपून बोटाच्या पेराएवढा तुकडा निघाला, आणि त्याच्यासोबत खालचं पानफूलही निघालं.

मंजिरी भिंतीकडे बघत राहिली. म्हणाली, "अरे, आजवर तू लावलेला एक टॉवेल रॉडसुद्धा टिकला नाही."

तेवढ्यात रूथकाकू पायरीपाशी आल्या. माझ्या हातातला स्क्रेपर बघून म्हणाल्या, "पुरे आता. नको."

इतकं सगळं झाल्यावर तरी मी मुकाट्याने थांबावं की नाही? पण जन्माची सवय. तोंडातून निघून गेलं, "खरंच नको?"

"पहिल्यांदाही खरंच होतं," काकू म्हणाल्या.