घरपट्टीला हो म्हणणारा किल्लीवाला

किल्लीकाकांच्या हातात चाळीस वर्षं कानस होती, पण धार जास्त जिभेला. दुकान म्हणजे घराच्या पुढच्या खोलीला पाडलेली खिडकी, भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या कोऱ्या किल्ल्या आणि एक डुगडुगतं स्टूल. घर छोटं, पण स्वतःचं. हे दिवसातून दोनदा तरी ते कुणाला ना कुणाला ऐकवायचेच.

एका सकाळी एका घरमालकाचा फोन आला. तिसरा मजला, भाडेकरू जातोय, कुलूप बदला. काका पेटी घेऊन चढले आणि दार पाहून थबकले. हे कुलूप वर्षापूर्वी त्यांनीच बसवलं होतं, दवाखान्यातल्या नर्सबाईंसाठी. काकूंच्या ऑपरेशननंतर रोज घरी येऊन जखम बांधणारी हीच. ती आत गाद्यांच्या वळकट्या बांधत होती.

"पुन्हा?"

"भाडं वाढवलं, काका. आता गावाबाहेर मिळतंय. दोन बस बदलून यायचं."

"तुझ्यामागे किती कुलपं बदलली मी?"

"हे चौथं," ती हसली. "तुमचा धंदा माझ्यावरच चाललाय की!"

आजवर कुणाच्या शिवीने काका असे ओशाळले नव्हते. कुलपाला हात न लावता ते खाली उतरले आणि मालकाला म्हणाले, "दुसरा कारागीर बघ."

त्याच महिन्यात पालिकेने प्रस्ताव आणला. घर असणाऱ्यांनी थोडी जादा घरपट्टी भरायची, त्या पैशातून पालिका घरं बांधणार आणि परवडेल अशा भाड्याने देणार. निर्णय मतदानाने. घरं असणारे खवळले. काकांनी मात्र खिडकीत 'हो'चा फलक टांगला.

"अहो, पट्टी आपल्यालाही बसणार," काकू म्हणाल्या.

"बसू दे! मिरवायला घर आपलं, आणि पट्टी म्हटली की कानांवर हात?"

शाळेच्या सभागृहात सभा झाली. शेजारचे निवृत्त मास्तर उठले. "मी पोटाला चिमटा काढून घर बांधलं. दुसऱ्याच्या छपरासाठी मी खिसा का हलका करू?" टाळ्या पडल्या. काकांचं डोकं फिरलं.

"पोटाला चिमटा? अहो, तुमच्यासकट निम्म्या गावाच्या वरच्या खोल्या धूळ खात पडल्यात! एकेक कुलूप मी बसवलंय. मनात आणलं तर संध्याकाळपर्यंत सगळी दारं उघडून दाखवीन!"

पुढच्या रांगेतल्या दोघांनी खिशातल्या किल्ल्या चाचपल्या. हेच वाक्य न्हाव्याने टाकलं असतं तर लोक हसले असते. किल्लीवाल्याने ते तोंडातून काढायचं नसतं. गाव त्याच्यासमोर दार निर्धास्त सोडून पाणी आणायला आत जातं, हीच त्याची सगळी कमाई. काकांना बोलता बोलताच हे कळलं, पण बाण सुटला होता.

आठवडाभर खिडकीशी कुणी फिरकलं नाही. वर 'हो'वालेच येऊन म्हणाले, "काका, तुम्ही जरा मागेच राहा. तुमच्यामुळे मतं जातायत." हे मात्र वर्मी लागलं. आपल्या जिभेपायी त्या पोरीचं घर जाणार?

माफी हा शब्द काकांच्या तोंडाला माहीत नव्हता. तरी पेटी घरी ठेवून, रिकाम्या हातांनी ते दारोदार निघाले. "मी बोललो ते चुकलं. माझा भरवसा नसेल तर दुसऱ्याकडून कुलूप बदलून घ्या, खर्च माझा. पण माझ्यावरचा राग नर्सबाईवर काढू नका. तिची बस चुकली तर तुमच्या आईला इंजेक्शन कोण देणार, मी?"

कुणी तोंडावर दार लावलं, कुणी पाणी विचारलं. बेकरीवाली म्हणाली, "अगंबाई! तुम्ही माफी मागताय म्हणजे गोष्ट खरंच मोठी दिसतेय." कुलूप बदललं ते एकट्या मास्तरांनी, आणि पावती बिनदिक्कत खिडकीवर आणून ठेवली. काकांनी तिथल्या तिथे पैसे मोजले.

प्रस्ताव दोनशे अकरा मतांनी पास झाला. दिवसभर काका खिडकीत उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला आकडा सांगत होते. ज्यांना तो आधीच ठाऊक होता त्यांनाही.

चौथ्या दिवशी भर उन्हात मास्तर स्वतःच्याच दाराबाहेर अडकले. नव्या कुलपात किल्ली मोडली होती. दहा मिनिटं येरझाऱ्या घालून ते शेवटी खिडकीशी आले आणि घसा खाकरला. काकांनी मोडका तुकडा अलगद ओढून काढला, दार ढकललं आणि आत नजरही न टाकता बाजूला झाले.

"माझं मत विरोधातच पडलंय," मास्तर म्हणाले.

"ठाऊक आहे. म्हणून काय उन्हात उभं ठेवू?"

मास्तरांनी पाकीट काढलं. "शेजारी म्हणून नको म्हणाल तुम्ही."

"का म्हणून? चांगले पुरते घेईन! घरपट्टी वाढलीय माझी. पहिल्याच दिवशी भरायचीय."

मास्तर हसले की खोकले, ते बघायला काका थांबले नाहीत. बेकरीवालीचं मागचं दार सकाळपासून अडलं होतं.