दुसरी बाटली

वेदवतीअक्का चहात साखर घालून ढवळत नसे. शेवटचा घोट गोड हवा म्हणे. रिक्षात बसली की चप्पल काढून ठेवी. प्रयोगशाळेतून कुवेंपुनगरला घरी आली की आधी अंघोळ, मग बोलणं.

ती औषधांच्या द्रावणात तीव्र ध्वनिलहरी सोडून स्फटिक तयार करायची. जूनमध्ये ध्वनी न दिलेल्या बाटलीतही स्फटिक जमले. जुन्या स्फटिकांचा एखादा कण तिच्या कपड्यांवरून आत पडला असावा. तेवढाही पुरतो. मग स्फटिक आवाजानेच जमतात, हे कोण मानणार? तिचं सगळं संशोधन त्यावर उभं होतं.

"तू कधी लॅबमध्ये आली नाहीस, तुझ्या कपड्यांवर तो कण नसणार. हा प्रयोग तूच कर," ती मला म्हणाली.

"अक्का, मी साहित्य शिकलेय. मला चहासुद्धा नीट जमत नाही."

"माहितेय, प्यायलेय ना मी. सुम्ने, नुसती उभी राहा आणि सांगते तेवढं कर."

ती माझ्या खोलीच्या दाराबाहेरच थांबली. मी नवं द्रावण दोन बाटल्यांत भरलं. एकीत ध्वनिलहरी सोडणाऱ्या नव्या यंत्राची कांडी बुडवली. जरा वेळाने द्रावण पांढुरकं झालं आणि तळाशी स्फटिक बसले. दुसरी बाटली नितळच राहिली.

"आठवडाभर अशीच राहू दे. मग हिलाही आवाज देऊ," अक्का म्हणाली.

आठवडा संपायच्या आत हृदयविकाराने ती गेली. यंत्र माझ्या टेबलावर आहे. दुसरी बाटली अजून नितळ आहे. तिला आवाज द्यायचा राहिला आहे.