ओवेलारबाईंचा खल

सांगून टाकतो, एदुविहेस ओवेलार ही बाई मला पहिल्या दिवशी अजिबात आवडली नाही. आवडणार कशी? मी शाळेतल्या माझ्या वर्कशॉपमध्ये, लेथच्या शेजारी, पायात चप्पल घालून सुखानं तेरेरे पीत बसलो होतो. आमच्या व्हियारिका गावच्या उन्हाळ्यात माणसानं दुसरं करायचं तरी काय? शिंगाच्या पेल्यात येर्बाचा पाला, त्यावर बर्फाचं पाणी, पाण्यात ठेचलेला पुदिना, आणि एकच नळी सगळ्यांच्या तोंडून फिरतेय. तेवढ्यात ही रसायनशास्त्राची नवी बाई दारात येऊन उभी. मी आपला माणुसकीनं पेला पुढे केला.

"काराई विल्फ्रिदो, जिथे यंत्र चालतं तिथे मी पीत नाही," ती म्हणाली. "आणि तुम्हीही पिऊ नये."

पेला नाकारला! वर आणि उपदेश, तोही 'काराई', म्हणजे 'साहेब', म्हणत! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बरं, बोलायला जावं तर प्रयोगशाळा आणि वर्कशॉप यांची सुरक्षा आमच्या मुख्याध्यापकांनी, काराई तेओदोसियोंनी, तिच्याच गळ्यात बांधलेली. ते काम दुसऱ्या कुणालाच नको होतं. बाईंनी मात्र ते मनावर घेतलं, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

आल्याबरोबर बाईंनी मुलींच्या वेण्यांवर मोहीम काढली. वेणी बांधा म्हटल्यावर कोण ऐकतंय? मग एक दिवस बाई पुसायचा दोऱ्यांचा मॉप घेऊन माझ्या वर्कशॉपमध्ये आल्या, ड्रिल सुरू करायला लावलं आणि मॉपची एक बट हळूच जवळ नेली. डोळ्याचं पातं लवायच्या आत ड्रिलनं अख्खं डोकं गिळलं आणि दांडा फणफणत भिंतीवर आपटला. दुसऱ्या दिवसापासून मुलीच काय, मिशा वाढवलेली दोन पोरंसुद्धा ड्रिलपाशी जाताना तोंडावर हात धरायची.

नंतर माझी पाळी. माझ्या गळ्यात काकुपेच्या मातेचं पदक असतं, साखळीत. बाईंनी ते वर्गासमोर काढायला लावलं. मी म्हटलं, प्रोफे, ही आमची राखणदारीण आहे, तिला कुठे उतरवता? तर म्हणाल्या, "खिशात ठेवा. खिशातूनही तिला ऐकू येतं." पोरं पोट धरून हसली. मला हसू आलं नाही, पण पदक खिशात गेलं.

हे सगळं एकवेळ चाललं असतं. तेरेरेवरची बंदी मात्र कुणालाच सहन झाली नाही. प्रयोगशाळेत नाही, वर्कशॉपमध्ये नाही, खिडकीत ठेवलेलंही नाही. सांगून पाहिलं, चिडवून पाहिलं, 'कोतवालीण' नाव ठेवून पाहिलं. बाई ढिम्म. मग आम्ही शेवटचा उपाय केला. शिक्षकांच्या खोलीत पेला फिरायचा तेव्हा तो बाईंना वगळून पुढे जायचा. तिथे यंत्रही नव्हतं आणि आम्लही नव्हतं, तिथे त्या आनंदानं प्यायल्या असत्या. एकदा त्यांचा हात पुढे आलेला मी पाहिला. पेला शेजारच्याकडे गेला, आणि बाईंनी त्याच हातानं केस सारखे केले.

त्यांचं अडलं होतं ते आमच्याकडेच. नेमणूक एका वर्षाची. त्याआधीची सगळी नोकरी चाकोच्या रानात, जिथून घरी यायलाच दोन दिवस मोडायचे. म्हातारी आई इथे, गावात, अर्धांगानं अंथरुणावर. बाई तिला भरवून शाळेत यायच्या आणि शाळा सुटली की धावत जायच्या. कायम व्हायचं तर वर्षाअखेरीच्या सभेत आम्हा शिक्षकांचा होकार लागणार होता. नाहीतर पुन्हा चाको, आणि आई शेजारणीच्या भरवशावर. काराई तेओदोसियोंनी त्यांना बाजूला घेऊन समजावलं होतं, म्हणे: अहो, सगळ्यांबरोबर वर्कशॉपमध्ये एक घोट घ्या, तेवढ्यानं मिटेल. बाई म्हणाल्या, आज मी घोट घेतला तर उद्या पोरं घेतील.

सभेचा दिवस उजाडला. बाईंना बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं, कारण विषय त्यांचाच. आत आम्ही घाम पुसत बसलेलो. खरं सांगायचं तर हात वर करायचा नाही हे बहुतेकांचं ठरलेलंच होतं. काराई तेओदोसियो पुदिना ठेचत होते. हा माणूस शाळेचा मुख्याध्यापक नंतर, आधी तेरेरेचा. पाणी दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. त्या दिवशी त्यांचा जुना लाकडी खल चिरला होता, पण नवा कुठूनतरी पैदा केला होता, पांढराशुभ्र. ठेचलेला पाला त्यांनी बर्फाच्या पाण्यात सोडला आणि वडिलांच्या हातच्या, चांदीच्या काठाच्या पेल्यात पहिलं पाणी ओतलं.

पहिलं पाणी संत तोमासचं. ते कुणी पीत नाही. ओतायचं, येर्बानं ते शोषून घेईपर्यंत गप्प बसायचं, मग दुसरं ओतायचं आणि आपण सुरू करायचं. आम्ही गप्प बसलो होतो. काराईंनी दुसरं ओतलं, नळी ओठांशी नेली, आणि दार धाडकन उघडलं.

"पिऊ नका," बाई म्हणाल्या.

काराईंचा चेहरा लालबुंद झाला. "प्रोफे, ही प्रयोगशाळा नाही. इथे तुमचा कायदा चालत नाही." आणि मुद्दाम, आम्हा सगळ्यांकडे बघत, त्यांनी नळी तोंडात धरली.

बाईंनी पेला त्यांच्या हातून हिसकला आणि खिडकीतून बाहेर भिरकावला. पाण्याचं भांडंही त्याच वाटेनं गेलं. बाहेर चांदीचा काठ फरशीवर गडगडत गेलेला ऐकू आला. वडिलांचा पेला! मी मनात म्हटलं, आटोपलं, बाई उद्याच चाकोला.

बाईंनी टेबलावरचा पांढरा खल उचलला आणि उलटा करून काराईंपुढे धरला. "हा माझ्या कपाटातला आहे. काल पोरांनी यात मोरचूद कुटलाय. आवाजावरून ओळखला, लाकूड असं वाजत नाही."

बुडाशी, पुदिन्याच्या हिरव्याखाली, निळं दिसत होतं. काराई तेओदोसियो खाली बसले. किल्ल्या सगळ्या त्यांच्याकडे असतात. म्हणाले, नळाला पाणी नव्हतं, मी रुमालानं पुसला होता, चांगला पुसला होता. मोरचूद पोटात गेला तर काय होतं हे शेतीवाल्या गावात सांगावं लागत नाही. आणि तो पेला त्यांच्यामागून आम्हा सगळ्यांकडे फिरणार होता. संत तोमासनं आधी घेतलं म्हणून आम्ही वाचलो. संताचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

बाई खल घेऊन निघून गेल्या. काराईंनी घसा साफ केला आणि मत घ्यायला सांगितलं. हात वर करायचा नाही असं ठरवलेल्यांत माझा हात सगळ्यांत आधी वर गेला, आणि मग कुणाचाच खाली राहिला नाही.

बातमी सांगायला मीच धावलो. बाई प्रयोगशाळेत बादलीतल्या पाण्यानं खल घासत होत्या. पाठ माझ्याकडे. खांदे हलत होते, रडत असाव्यात. पेला फेकला तेव्हाच त्यांनी सगळं गेलं असं धरलं होतं. मला भडभडून आलं. "प्रोफे..." म्हणत मी आत शिरलो.

त्यांनी वळून पाहिलं. डोळे सुजलेले, नाक लाल. आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या काखेकडे. काखेत तेरेरेचा थर्मास होता. आमच्याकडे तो असतोच, हातासारखा, कळतसुद्धा नाही.

"काराई विल्फ्रिदो," त्या रडतरडतच म्हणाल्या, "थर्मास बाहेर."

वीस वर्षं मी या शाळेत कुणाच्या बापाचं ऐकलं नव्हतं. मी मुकाट्यानं बाहेर गेलो, थर्मास व्हरांड्यात ठेवला, परत आत आलो आणि मग त्यांना सांगितलं.